‘वय झालं’ हे निदान नाही

डॉक्टर, नर्स, काळजीवाहक अशा आरोग्यक्षेत्रातल्या माणसांना जगभर एक प्रश्न विचारला गेला. डिमेन्शिया हा म्हातारपणाचाच एक भाग आहे का? 65 टक्के ‘हो’ म्हणाले. अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या संघटनेच्या 2024 च्या अहवालातला हा आकडा आहे. 2019 च्या अहवालात तो 62 होता. मधल्या पाच वर्षांत परिषदा झाल्या, दर सप्टेंबरला पत्रकं वाटली गेली, पदयात्रा निघाल्या, आणि शिकलेल्यांचं अज्ञान कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

शेजारच्या काकू ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणाल्या तर त्यांना माफ आहे. गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्या माणसाला नाही. त्याने तेच मनात धरून केसपेपर लिहिला की त्या पेशंटच्या पुढच्या सगळ्या वाटा बंद होतात. ‘वय झालं आता, सांभाळून घ्या’ एवढं ऐकून मुलगा आईला रिक्षात बसवून घरी आणतो. बी-12 तपासलं जात नाही. थायरॉईड तपासलं जात नाही. महिन्याभरापूर्वी बाथरूममध्ये पडल्या होत्या का, हे कुणी विचारत नाही. डोक्याला मार लागून मेंदूवर हळूहळू रक्त साठलं तर माणूस असाच गोंधळतो, आणि ते वेळेवर काढलं तर पुष्कळदा ताळ्यावर येतो. नैराश्यातही स्मरणशक्ती गेल्यासारखी वाटते. लघवीच्या संसर्गाने दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागलेल्या आजोबांना अँटिबायोटिक हवं असतं, त्यांना मिळतं ते ‘या वयात असं व्हायचंच’.

आणि खरोखरच डिमेन्शिया निघाला तर? तर तो मेंदूचा आजार आहे. बहुतेक प्रकार बरे होत नाहीत, हे खरं. मधुमेहही बरा होत नाही. म्हणून आपण मधुमेहाच्या पेशंटला तपासणीच्या टेबलावरून उठवून घरी पाठवत नाही. गोळ्या देतो, पथ्य सांगतो, पायाची काळजी शिकवतो, वर्षाकाठी डोळे तपासायला लावतो. डिमेन्शियाच्या घरालाही असंच पुष्कळ काही सांगण्यासारखं असतं. सांगणाऱ्याला ते ठाऊक नसतं, कारण त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड पाहणीने दिला. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. न्यूरॉलॉजिस्ट बसतात ते मात्र मुंबई-पुण्यात आणि मोठ्या जिल्ह्यांच्या गावी. तज्ज्ञ वाढवा ही मागणी योग्यच आहे, पण त्यांची वाट पाहत बसलो तर आजचे पेशंट जातील. जी माणसं आधीच दारोदार फिरतात, वॉर्डात रात्र काढतात, ड्रेसिंग करतात, पेशंटला कूस बदलून देतात, त्यांना शिकवणं हाच रस्ता आहे.

तो रस्ता आपल्या शेजारी गोव्यात घातला गेला. ही गोष्ट प्रत्येक आरोग्यमंत्र्याला तोंडपाठ हवी.

1998 मध्ये कोचीत काही संशोधक एकत्र आले आणि त्यांनी 10/66 डिमेन्शिया रिसर्च ग्रुप स्थापन केला. जगातले 66 टक्के डिमेन्शियाचे पेशंट विकसनशील देशांत, आणि या आजारावरच्या संशोधनातलं 10 टक्केही त्या देशांत होत नाही, हा अन्याय त्यांनी नावातच लिहून ठेवला. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी 2001 मध्ये गोव्यातला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं: लोकांना लक्षणं माहीत होती, पण ती आजाराची वाटत नव्हती. त्यामुळे डॉक्टरांपर्यंत असे पेशंट क्वचितच पोचत होते. गावात फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना मात्र अशी माणसं ओळखता येत होती. डॉक्टरला दिसत नाही ते कार्यकर्तीला दिसतं! एवढा साधा, एवढा उपयोगाचा निष्कर्ष हाती येऊन दोन दशकं उलटून गेली.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, आणि ती आपल्याला झोंबायला हवी. म्हाताऱ्या माणसांना कुटुंबाचा आधार मिळतो असं जितकं सांगितलं जातं तितका तो भरवशाचा नाही, आणि सांभाळणं पुष्कळदा इस्टेट मिळण्याच्या आशेला बांधलेलं असतं, असं त्यात स्पष्ट आलं. ‘आपल्याकडे कुटुंबव्यवस्था आहे, आपल्याला काय गरज’ हे वाक्य मी सभांमधून ऐकते तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. शिवाय जिथे माया आहे, तिथेही माया पुरत नाही. रात्री तीनदा उठणारी, ‘तू माझे दागिने चोरलेस’ असं रोज ऐकणारी सून किंवा लेक सहा महिन्यांत स्वतः पेशंट होते. तिला जीव लावायला शिकवायची गरज नाही. दागिन्यांच्या आरोपावर वाद घालायचा नाही, ‘चला, आपण दोघी शोधू’ म्हणायचं, हे तिला कुणीतरी येऊन सांगायला हवं.

गोव्यात ते सांगायला माणसं गेली. ‘संगाथ’ ही संस्था, डिमेन्शिया सोसायटी ऑफ गोवा, डॉ. अमित डायस आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला हा प्रयोग 2008 मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात छापून आला. स्थानिक भाषा बोलणारे, शक्यतो बारावी झालेले, म्हाताऱ्यांसाठी काम करायची इच्छा असलेले गावातलेच लोक निवडले. त्यांना एक आठवडा कसून शिकवलं. पाठीशी एक समुपदेशक आणि एक मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. 81 कुटुंबं चाचणीत घेतली, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी हे कार्यकर्ते सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा, जात राहिले. आजार समजावून सांगितला, आंघोळ-जेवणाच्या अडचणींवर मार्ग काढले, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवलं, सरकारी योजनांची माहिती दिली, एका घराची दुसऱ्या घराशी ओळख करून दिली. सहा महिन्यांनी पाहिलं तर सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलेलं होतं आणि त्रासाची भावना कमी झाली होती.

एक आठवडा. मोठी इमारत नाही, यंत्र नाही, आयात औषध नाही.

10/66 गटाने आखलेला दुसरा कार्यक्रम याहून आटोपशीर आहे. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाच बैठका: पहिलीत घरची परिस्थिती समजून घ्यायची, पुढच्या दोन आजार समजावून द्यायला, शेवटच्या दोन त्या घरातल्या नेमक्या अडचणीला. तो मॉस्कोत करून पाहिला, पेरूच्या लिमा शहरात करून पाहिला. दोन्हीकडे सांभाळणाऱ्यांचं ओझं हलकं झालं. केरळात त्रिशूरकडे डॉ. शाजी आणि सहकाऱ्यांनी अंगणवाडी सेविकांना थोडं शिकवून गावातले डिमेन्शियाचे पेशंट हुडकायला सांगितले. त्यांनी दाखवलेल्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त जणांचं निदान तज्ज्ञांच्या तपासणीत बरोबर ठरलं. अंगणवाडी सेविका! आपल्याकडे तिला पोषण आहाराचं वजन करण्यापलीकडे काही समजत नाही असं धरून चालणारे अधिकारी मी पाहिलेत.

आता वॉर्डात या. एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात एका रात्री पाहिलेलं सांगते. न्यूमोनियाने भरती झालेले एक आजोबा, एसटीतून निवृत्त झालेले. सलाईनची सुई दोनदा उपसून काढली म्हणून दोन्ही हात गॉजच्या पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधलेले. मनगटं लाल झालेली. जितकं बांधावं तितकं ते जोर लावत होते. ड्युटीवरची सिस्टर निर्दय नव्हती. सगळा वॉर्ड तिच्या एकटीच्या अंगावर होता आणि अशा माणसाशी कसं वागायचं हे तिच्या तीन वर्षांच्या शिक्षणात कुणी तिला दाखवलेलं नव्हतं. तेवढ्यात एक वयस्कर मावशी आल्या. खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या, चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला, आणि विचारलं, ‘‘कुठली गाडी आज?’’ आजोबा म्हणाले, ‘‘तुळजापूर.’’ ‘‘सुटायला वेळ आहे अजून. तोवर बसा माझ्याजवळ.’’ एक हात सोडला. मग दुसरा. सलाईनचा हात पांघरुणाखाली घेतला, म्हणजे सुई नजरेआड झाली. पंधरा-वीस मिनिटं ते शांत होते. मग मावशींना दुसऱ्या वॉर्डातून बोलावणं आलं आणि पट्ट्या परत बांधल्या गेल्या.

त्या मावशींना जे येत होतं ते त्यांच्या स्वभावातून आलेलं. ज्या रात्री त्यांची ड्युटी नाही, त्या रात्री पेशंटने काय करायचं?

फ्रान्समध्ये इव्ह जिनेस्त आणि रोझेट मारेस्कोती या दोघांनी याच प्रश्नावर आयुष्य घातलं. मूळचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. पेशंट उचलून उचलून रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या पाठी जात होत्या, त्यावर प्रशिक्षण द्यायला त्यांना 1979 मध्ये बोलावलं गेलं. पाठी वाचवायला गेलेल्या या दोघांना दिसलं की पेशंटशी वागण्याची पद्धतच चुकते आहे. त्यातून त्यांनी ‘ह्युमॅनिट्यूड’ नावाची पद्धत बसवली: नजर, बोलणं, स्पर्श आणि माणसाला उभं करणं. ऐकायला अगदी साधं. पण त्यातला बारकावा बघा. खोलीत शिरण्याआधी दार वाजवायचं आणि थांबायचं. आपण आलोय हे कळायला त्या मेंदूला वेळ लागतो. बाजूने किंवा मागून जायचं नाही, समोरून जायचं, डोळ्यांच्या पातळीवर. मनगट वरून पकडायचं नाही, कारण तशी पकड म्हणजे ओढून नेणं असंच माणसाला वाटतं. तळहाताने खालून आधार द्यायचा. हात चालू असताना तोंडही चालू ठेवायचं: ‘आता उजवा हात धुतेय, पाणी कोमट आहे.’ तीन मिनिटांत माणूस राजी झाला नाही तर आंघोळ रद्द, थोड्या वेळाने परत यायचं. आणि माणसाला दिवसातून थोडा वेळ तरी पायावर उभं करायचंच.

ही पद्धत तोक्योतल्या डॉ. मिवाको होंदा यांनी जपानमध्ये आणली, आणि फुकुओका शहराने तर ती आपल्या धोरणातच घेतली. जपानने 2005 पासून सामान्य नागरिकांसाठी डिमेन्शियाविषयी दीड तासाचं शिक्षण सुरू केलं. ते घेतलेल्यांची संख्या आता दीड कोटींच्या वर आहे. 2005 च्याच सुमारास फॅमिली डॉक्टरांसाठी वेगळं प्रशिक्षण सुरू झालं, आणि पुढे दंतवैद्य, फार्मासिस्ट आणि नर्सेससाठीही. दंतवैद्य का? कारण कवळी तोंडात बसवू न देणारा पेशंट त्याच्याकडेच येतो.

ज्यांना वागणं शिकवलेलं नसतं, त्यांच्या हाताशी एकच गोष्ट उरते, औषध. आरडाओरडा करतो? हॅलोपेरिडॉल. रात्री फिरतो? क्वेटियापिन. ब्रिटनमध्ये प्रा. सुबे बॅनर्जी यांनी सरकारसाठी 2009 मध्ये अहवाल लिहिला. वर्षाला सुमारे 1,80,000 डिमेन्शियाच्या पेशंटना ही अँटिसायकोटिक औषधं दिली जात होती. त्यातल्या फार तर 36,000 जणांना काही उपयोग होत होता, आणि वर्षाला 1,800 जादा मृत्यू या औषधांमुळे होत असावेत असा त्यांचा हिशेब होता. ब्रिटनने निदान हिशेब मांडला. आपल्याकडे वृद्धाश्रमांत आणि खासगी नर्सिंग होममध्ये ‘झोपेची गोळी’ म्हणून काय काय दिलं जातं, याचं ऑडिट मला हवं आहे. कुठलाही जिल्हा शल्यचिकित्सक मनावर घेईल तर महिन्याभरात करू शकतो.

परदेशातलं सगळं उचलून आणा, असं मी म्हणत नाही. स्मरणशक्ती तपासायची जी चाचणी आपल्या दवाखान्यांत सर्रास वापरतात ती 1975 मध्ये अमेरिकेत तयार झाली. शंभरातून सात वजा करत जा. एक वाक्य लिहून दाखवा. कधी शाळेत न गेलेल्या आजींना हे विचारलं तर त्या नापास होणारच. तो त्यांच्या मेंदूचा दोष नाही. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडमध्ये नव्वदच्या दशकात निरक्षर माणसांना विचारता येईल अशी हिंदी चाचणी घडवली. मराठी मुलखातल्या नर्सला आणि आशाताईला शिकवताना तेच करायला हवं. यंदा पोळा होऊन गेला का, यायचाय? धाकटी लेक कुठल्या गावी दिली? पुरणाला काय काय लागतं, आणि आधी काय करायचं? क्रम चुकतो तिथे लक्ष द्यायला शिकवा. स्वयंपाकाचा क्रम चुकायला लागणं ही फार लवकर दिसणारी खूण आहे, आणि ती सगळ्यात आधी सुनेला दिसते. तिला विचारायचं असतं हे ठाऊक असलेली सिस्टर पाहिजे.

ट्रेनिंग मात्र ट्रेनिंग असलं पाहिजे. इंग्लंडमधल्या लीड्स बेकेट विद्यापीठात क्लेअर सर आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचं कुठलं प्रशिक्षण उपयोगी पडतं याचा धांडोळा घेतला. उत्तर स्वच्छ आहे: समोरासमोर, चर्चा आणि सराव असलेलं, त्या त्या माणसाच्या कामाला धरून, अनुभवी शिकवणाऱ्याकडून, आणि एकूण किमान आठ तासांचं. हातात पुस्तिका देऊन किंवा एकट्याला स्क्रीनसमोर बसवून काम भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा कुटुंबीयांसाठीचा ऑनलाइन कार्यक्रम भारतात तपासला गेला तेव्हा बरेच लोक मध्येच गळाले, आणि नैराश्य किंवा ओझं यांत ठळक फरक दिसला नाही. तरी आपल्याकडे आरोग्य खात्याला ट्रेनिंग म्हटलं की लिंक पाठवायची घाई असते. लिंक उघडली, प्रमाणपत्र डाउनलोड झालं, उद्दिष्ट पूर्ण. त्या प्रमाणपत्राने खाटेच्या दांड्याची पट्टी सुटत नाही.

आता जर्मनी. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात आरोग्यसेवेतली माणसंही आहेत. आपल्या मुली जाणार असतील तर त्यांना शुभेच्छा. चांगला पगार, चांगलं काम. जर्मनीत नर्सिंगचं तीन वर्षांचं शिक्षण 2020 पासून नव्याने आखलं गेलं, त्यात वृद्धसेवा वेगळी न ठेवता मूळ अभ्यासक्रमात घेतली, आणि निवासी दीर्घकालीन सेवेत 400 तास प्रत्यक्ष काम सक्तीचं केलं. म्हणजे तिथे आता शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नर्सने डिमेन्शियाची माणसं रोजच्या रोज हाताळलेली असतात. आपल्या मुलींना ते तिथे गेल्यावर शिकावं लागणार. मग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 400 नको, 40 तास तरी इथेच सक्तीचे करावेत. वृद्धाश्रम आहेत, पेशंट आहेत, विद्यार्थिनी आहेत. त्याचा पहिला फायदा श्टुटगार्टच्या आजींना होण्याआधी सोलापूरच्या आजींना होईल.

आणि ‘अस्तु’ प्रत्येक नर्सिंग कॉलेजात दाखवा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट, त्यात डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्याची भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. पण डोळे पुसून घरी जाऊ देऊ नका. दिवे लागल्यावर दोन तास बसवा आणि विचारा, त्या हरवलेल्या म्हाताऱ्याला सांभाळणाऱ्या माहुताच्या बायकोने प्रत्येक वेळी नेमकं काय केलं.

राज्यात सुमारे 70 हजार आशाताई आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत वृद्धांची काळजीही आहे आणि मानसिक आजारही. म्हणजे कागद तयार आहे. गोव्याच्या धर्तीवर प्रत्येक तालुक्यात आधी चार-पाच जणींना एक आठवडा शिकवा, मागे जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ ठेवा, आणि त्यांना घरभेटीचे पैसे द्या. पैसे दिल्याशिवाय हे काम आशाताईंच्या अंगावर टाकणार असाल तर टाकू नका. तिच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे, आणि फुकट सेवेच्या नावाखाली बाईच्या श्रमावर योजना उभी करायची आपली सवय आता पुरे.

हे सगळं होईपर्यंत शहरातल्या घरांची मदार नर्सिंग ब्युरोच्या बाईवर आहे. बारा तासांची किंवा चोवीस तासांची. ब्युरोवाले तिचं आधार कार्ड दाखवतात, पोलिस पडताळणी झाल्याचं सांगतात, महिन्याचं कमिशन आगाऊ घेतात. ती काय शिकलीये हे सांगत नाहीत, कारण बहुतेकींना कुणी काही शिकवलेलंच नसतं. तेव्हा पहिल्या दिवशी तिला एवढंच विचारा: बाबा आंघोळीला नाही म्हणाले तर तुम्ही काय कराल? ‘धरून घालते’ म्हणाली तर तिला काढू नका. दुसरी येईल तीही हेच म्हणेल. तिला शेजारी बसवा, चहा द्या, आणि सांगा की नाही म्हणाले तर आंघोळ थांबवायची, अर्ध्या तासाने परत विचारायचं, आधी पाय कोमट पाण्यात सोडायचे, टॉवेल खांद्यावर राहू द्यायचा, आणि पाणी डोक्यावर शेवटी घ्यायचं.